मुक्याने जेवायचा नेम आणि पाच जेवणांची भाषा

॥ श्री ॥

रत्नागिरी
श्रावण वद्य षष्ठी, गुरुवार

तीर्थरूप सौ. सावित्रीताईस,

धाकट्या प्रभावतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे देवाच्या दयेने सगळे हिंडते-फिरते आहेत. तुमच्या पोफळी गावाकडचं वर्तमान कळव. तुझा गुडघा पावसात धरतो म्हणालीस, त्यावर निर्गुडीचा शेक सांगितला होता, तो घेतेस की ऐकून सोडून दिलंस? भावोजी साखरेच्या गोळ्या वेळेवर घेतात ना? (वेळेवर म्हणजे खीर खाण्याआधी. खाऊन झाल्यावर आठवण झाली तर त्याला वेळेवर म्हणत नाहीत, असं माझ्या नावाने सांग.)

पत्र पाहून दचकू नकोस, वाईट काही नाही. घरात दोन-दोन फोन असताना ही पत्र का लिहीत बसली असं तुझ्या मनात येईल. तर ताई, तुला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून तू फोन मोठ्या आवाजावर टाकतेस. मग मी बोलते ते तुझी सून ऐकते, शेजारच्या मालनबाई ऐकतात, आणि गेल्या खेपेला तर माझ्या पोटाच्या तक्रारीवर तुझ्या दारात आलेल्या गॅसवाल्याने उपाय सांगितला. (उपाय लागू पडला, तेवढं त्याला कळव.) पण आजचा विषय धर्माचा आहे. तो तुझ्या अंगणात नको, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहिते आहे. अक्षराखाली एखादी संकष्टी उमटलेली दिसली तर ती मागल्या वर्षीची आहे, त्या दिवशी उपास धरू नकोस.

आपली रेणुका लेकीला घेऊन मागल्या बुधवारी आली. जावयांना रजा मिळाली नाही, ते तिकडे स्पेनमध्येच आहेत. इनेस आता पाच वर्षांची झाली. नाक तुझ्या-माझ्या आईचं आहे, केस कुणाचे ते कळत नाही. तुला आठवतंच असेल, ही सातव्या महिन्यात जन्मली आणि पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. त्या वेळी विमानं बंद. रेणुका तिकडे एकटी, आणि मी इथे देवघरात बसून समईची वात पुढे सारण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. तेव्हा तूच मला म्हणालीस, ‘रडत बसू नको गो. पोर जगली-वाचली आणि घराला पाय लागले, की त्या चातुर्मासात मुक्याने जेवेन, असं बोल.’ मी तिथल्या तिथे हातावर पाणी घेऊन सोडलं. सहाव्या दिवशी पोरीच्या नळ्या काढल्या. डॉक्टरांनीही प्रयत्न केले असतील, पण मी काय बोलले होते ते मला ठाऊक आहे.

नेमाची रीतही तूच घालून दिलीस. पहिला घास तोंडात गेल्यापासून आचवेपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, मान हलवून मीठ मागणं नाही. पाच वर्षं रेणुका येते येते म्हणत होती. यंदा तिकिटं निघाल्याचं जूनमध्ये कळलं आणि आषाढी एकादशीला मी नेम सुरू केला. पहिला महिना फार सुखाचा गेला. ह्यांना तर इतका मानवला की हा नेम बाराही महिने असतो का, अशी त्यांनी दोनदा चौकशी केली.

आता अडचण कुठे आली ते सांगते, पण त्यासाठी थोडं मागे जायला हवं. इनेसला मराठी येत नाही. ‘आजी’ आणि ‘बस’ हे दोन शब्द येतात, त्यातला दुसरा ती आईवर ओरडायला वापरते. रेणुकाला मी पुष्कळ बोलले. पण ती म्हणते, सकाळी पोरीला शाळेत सोडते, संध्याकाळी आणते, मधल्या काळात मराठी शिकवायला मीच घरात नसते. मग मी ठरवलं की आपणच शिकावं. मी मॅट्रिक आहे, अगदीच निरक्षर नाही. आणि नातीशी बोलायचं म्हणजे राजकारण थोडंच बोलायचं आहे? आपण कुणाशीही काय बोलतो? जेवलीस का, काय जेवलीस, अजून घे. एवढं आलं की माणूस आपलं झालं.

भाट्याचा बाबल्या तुला आठवतो का? तो अठरा वर्षं मालाच्या जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता, आणि खलाशांत निम्मे स्पॅनिश बोलणारे होते. निवृत्त होऊन तो आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी नारळ विकतो. त्याला ओटीवर बसवून, ताक पाजून मी दोन वर्षं शिकले. त्याची सगळी भाषा चुलीपासून ताटापर्यंतची. ‘तुझं नाव काय’ हे त्याला येत नाही. मी विचारलं तर म्हणाला, ‘वैनी, मला कोणी नाव विचारलाच नाय. येणारो तो भूक घेऊन येय.’ तेव्हा मला जी चाळीस वाक्यं येतात ती सगळी खाण्याची आहेत. ‘त्येनेस आंब्रे?’ म्हणजे भूक लागली का. (आंब्रे हे आडनाव आपल्याकडचंच, म्हणून चटकन पाठ झालं.) ‘कोमे’ म्हणजे खा. ‘उन पोको मास’ म्हणजे आणखी थोडं. ‘एस्ता रिको?’ म्हणजे चांगलं झालंय का. आणि जेवायला बसलेल्या माणसाला, तो ओळखीचा नसला तरी, जाता जाता ‘के आप्रोवेचे’ म्हणायचं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागो. हे मला फार आवडलं. ज्यांच्या तोंडात परक्याच्या घासासाठी आशीर्वाद असतो ती माणसं संस्कारी असणार, असं मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, ‘एस.टी.त पंचवीस वर्षं तिकिटं फाडली, डबा उघडून जेवत बसलेल्याला मीही म्हणायचो, पुढे सरका.’

त्या लोकांची खरी गंमत निराळीच आहे. आपल्याकडे जेवण एक आणि ते दोनदा होतं. बाकीचं म्हणजे चहाबरोबर काहीबाही. तिकडे पाच आहेत, आणि पाचांना पाच नावं. सकाळचं देसायुनो. अकराच्या सुमाराचं आल्मुएर्सो. दुपारी अडीच-तीनला कोमिदा, हे मोठं. सहाला मुलांची मेरिएंदा. आणि रात्री नऊच्या पुढे थेना. शिवाय ‘जेवलीस का’ हे एकच विचारून भागत नाही, कुठलं जेवलीस ते प्रश्नातच सांगावं लागतं. मला याची कल्पना नव्हती. मी आपली रोज आठ वाजता, आमचं जेवण आटपून ओटा पुसला की फोन लावायची आणि विचारायची, रात्रीचं जेवलीस का? पोर म्हणायची, नो. दुसऱ्या दिवशी, नो. असे बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी मी रेणुकाला फैलावर घेतलं, की अगो, जिला मी देवाकडून मागून आणली तिला तू रात्री उपाशी झोपवतेस? ती म्हणाली, ‘आई, इथे दुपारचे साडेतीन वाजलेत. आत्ता कुठे पोरीने कोमिदा करून हात पुसले.’ घड्याळ मागे असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण दिवेलागण झाली की जेवण, हे इतकं अंगात मुरलेलं, की देशच्या देश उशिरा जेवत असेल हे मनाला पटेना. मग मी पाचही जेवणांच्या आपल्या आणि त्यांच्या वेळांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. ह्यांनी तो वाचला आणि तेव्हापासून मी फोन उचलला की म्हणतात, ‘बघ हो, गाडी साडेतीनची आहे. रात्रीचं तिकीट फाडू नको.’

एवढी तयारी करून, ताई, ज्या दिवसासाठी दोन वर्षं घोकलं तो दिवस आला. पोर माझ्या शेजारी पाटावर बसली. मी पहिला घास घेतला, आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की मला बोलता येतं ते फक्त जेवणावर, आणि जेवताना मला बोलता येत नाही.

तू म्हणशील, त्यात काय, आधी पोरीला भरव, मग तू बस. माझ्याही मनात तेच होतं, जन्मभर तेच केलं. पण तिकडची रीत अशी की सगळे एकदम बसल्याशिवाय कुणी चमचा उचलत नाही. मी वाढत उभी राहिले तर पोर हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली, आणि आईला काही विचारलं. रेणुका म्हणाली, ‘विचारतेय, आजीला बसायची परवानगी नाही का?’ बरं दिसेना. बसले. बसले म्हणजे मुकी झाले.

दुसऱ्या दिवशी मी विचार केला की नेम पहिल्या घासापासून आहे, त्याआधी जिभेवर कुणाचं बंधन नाही. म्हणून पानं मांडल्याबरोबर घास घ्यायच्या आधीच सगळी वाक्यं म्हणून घेतली. भूक लागली का, खा, चांगलं झालंय का, आणखी थोडं घे, टाकू नको, अंगी लागो. पोरीने पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आईच्या कानात काही बोलली. रेणुकाला हसू आवरेना. ‘म्हणतेय, अजून तर वाढलंच नाही.’

मग म्हटलं, आचवल्यावर बोलू. तिकडे जेवण झालं तरी उठत नाहीत. तिथेच बसून तास-दोन तास बोलतात, त्यालाही नाव आहे, सोब्रेमेसा. (आपल्याकडे खरकट्या हाताने कुणी एवढा वेळ बसलं तर हात वाळून त्याचा पापड होईल. पण मी आता कुणाच्या रीतीला नावं ठेवत नाही.) मी घाईने हात धुऊन आले, ऐटीत बसले. पोर वाट बघत होती. आणि माझ्याजवळ काय होतं? भूक लागली का! नुकत्या जेवून उठलेल्या पोरीला मी विचारलं, भूक लागली का. ती नो म्हणाली आणि पोट धरून मागे सरकली. मी पुन्हा जेवायला बसवणार असं तिला वाटलं असणार.

ह्यांचं मात्र बरं चाललं होतं, आणि तेच मला टोचत होतं. दोन वर्षांत ह्यांनी एक शब्द शिकला नाही. पण पानावर बसले की तिच्याशी सरळ आपलं बोलणं चालू. ‘खा गो बाय. हां, तो तुकडा आमटीत बुडव. शाब्बास, एस.टी.त लावून घेतो तुला.’ आणि ती खदखदा हसून त्यांच्या हातून घास घेई. मी शेजारी बसून चाळीस वाक्यं गिळत होते. शुक्रवारी रेणुकाने बाजूला घेऊन सांगितलं, की इनेस म्हणते, फोनमधली आजी वेगळी आहे. ती रोज विचारायची, ही जेवायला बसली की रागावते. आपण काय केलं म्हणून रागावते ते तिला कळत नाही, त्यामुळे ती माझ्यासमोर जेवायला कांकूं करते. खरंच, पोर दोन दिवस केळ्यांवर आणि बिस्किटांवर होती.

ताई, त्या दिवशी मी देवघरात जास्त वेळ बसले. ज्या पोरीसाठी तोंड बंद केलं तिलाच ते तोंड रागावलेलं दिसतं. रेणुकाने तिला समजावून पाहिलं, की आजीने देवाला वचन दिलंय. पोरीने विचारलं, कशाबद्दल? रेणुका म्हणाली, तुझ्याबद्दल. त्यावर पोर रडायला लागली, कारण तिची समजूत झाली की देवानेच आजीला ‘इनेसशी बोलू नको’ असं सांगितलं. हे म्हणाले, ‘अगो, तुझं स्पॅनिश म्हणजे काही बोलणं नव्हे. ते कुणाला कळतं? बोल खुशाल, नेमाला धक्का नाही.’ रेणुकाही म्हणाली की पाणी सोडताना भाषेचं काही ठरलं नव्हतं. पण पळवाट काढायची असती तर मी पाच वर्षांपूर्वीच देवाशी घासाघीस केली असती. मी केली नाही. पोर पेटीत होती.

मग आला श्रावणी सोमवार. दिवसभर माझा उपास, त्यामुळे दुपारी पानावर बसणं नाही. म्हणजे बोलायला मी मोकळी. पोरीच्या शेजारी नुसती पाटावर टेकले आणि सगळी भाषा तिच्यापुढे ओतली. भूक लागली का? होय. खा. चांगलं झालंय का? होय. आणखी थोडं? होय. नारळाच्या रसात बुडवून चार घावणे खाल्ले, ताई, आणि माझ्या मांडीवर रेलून खाल्ले. माझं पोट उपाशी होतं ते मला कळलंसुद्धा नाही. मध्येच तिने माझ्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, तू का खात नाहीस? उपास हा शब्द बाबल्याने शिकवला नव्हता, त्याच्या जहाजावर तो कुणी करत नसे. मी म्हटलं, आंब्रे नाही. तिने मान हलवली, पण विश्वास बसला नाही, ते दिसत होतं.

संध्याकाळी सातला सोमवार सोडायला बसले. भात, मुगाची आमटी, अळूची भाजी, दुपारचे राहिलेले दोन घावणे. पहिला घास घेतला. पोर शेजारी होती, पण जेवेना. माझ्याकडेच बघत होती. मग तिने आपल्या घावण्यातला अर्धा चावलेला तुकडा माझ्या पानात ठेवला (उष्टा, ताई, सोमवार सोडताना, माझ्या पानात) आणि अगदी माझ्यासारख्या, म्हणजे बाबल्यासारख्या खलाशी आवाजात म्हणाली, ‘कोमे, आब्वेला. उन पोको मास.’ खा आजी, आणखी थोडं. मी तो तुकडा खाल्ला. मग तिने विचारलं, ‘एस्ता रिको?’

चांगलं झालंय का. ताई, एक्केचाळीस वर्षं मी या घरात रांधते. मीठ बेताचं आहे का, तिखट झालं नाही ना, आवडलं का, हे मी सगळ्यांना विचारत आले. सासूबाईंना विचारलं, ह्यांना विचारलं, पोरांना, पाव्हण्यांना, श्राद्धाला येणाऱ्या गुरुजींना विचारलं. तुला आवडलं का, असं मला कुणी विचारलं असेल तर आठवत नाही. त्यात कुणाचा दोष नाही. जिने केलं तिला काय विचारायचं? हे घास हातात धरून थांबले. रेणुका थांबली. पोरीने पुन्हा विचारलं. मी काही बोलत नाही असं पाहून तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता.

पुढे विशेष काही लिहिण्यासारखं नाही. जेवणं झाली, मी आचवले, भांडी घासली. पोर आता रोज दोन्ही वेळा पोटभर जेवते. त्या दोघी पुढल्या शनिवारी निघतील. भावोजींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद, आणि मालनबाईंना काही सांगू नकोस.

तुझी,
प्रभावती

ता. क. एक विचारायचं राहिलं. लांज्याला माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिनेही मुक्याने जेवायचा नेम धरला होता आणि तो चुकून मोडला. (तिची नातही परदेशातूनच आली आहे.) तर अशा वेळी प्रायश्चित्त काय असतं, ते तुमच्या पोफळीच्या गुरुजींना विचारून कळव. इथल्या गुरुजींना ती विचारू शकत नाही, कारण त्यांचं बोलणं तुझ्या फोनसारखं आहे.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी ह्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, लांज्याला तुझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. ते खरं आहे. ताई, मीच बोलले. घास तोंडात असताना बोलले. आधी ‘सी’ म्हणाले, म्हणजे हो. मग मराठीत म्हणाले, ‘हो गो माझ्या बाय, फार छान झालंय,’ आणि मग जे सुरू झालं ते ताक-भात संपेपर्यंत थांबलं नाही. मला माझ्यासाठी भीती नाही. पण नेम पोरीच्या जिवासाठी होता. गुरुजींना एवढंच नीट विचार, की मोडला त्याचा दोष मोडणारीच्या डोक्यावर राहतो ना? पोरीकडे जात नाही ना? राहत असेल तर माझ्याच डोक्यावर राहू दे, जे सांगतील ते मी करीन, एकवेळ जेवीन, अनवाणी हिंडेन, नर्मदेला जाऊन येईन (ह्यांना पास आहे). पण तिच्या अंगाला काही लागत नाही, हे त्यांच्या तोंडून वदवून घे.

तिसरा ता. क. उत्तर पत्रानेच पाठव, आणि ते पुढल्या शनिवारनंतर हातात पडेल अशा बेताने टपालात टाक. गुरुजी कदाचित म्हणतील की कळल्या दिवसापासून पुन्हा तोंड बंद. माझं आज गुरुवारपर्यंत सात वेळा बोलून झालं आहे. त्या दोघी निघेपर्यंत अजून अठरा जेवणं आहेत.